शिष्यत्वाची किंमत: सहा शनिवारांचा अभ्यासवर्ग

पुण्यातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) घेतलेला हा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. शुल्क पाचशे रुपये असून त्यात छापील टिपणे व चहा येतो. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायातील २५ ते ३३ ही वचने अभ्यासाचा पाया आहेत. पहिली दोन सत्रे त्या वचनांतील, बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसावर होती, पण त्यांत हिशेब थोडा आणि आवेश फार होता.

तिसरे सत्र मात्र निराळे निघाले. शिष्याने ज्यांच्यापेक्षा ख्रिस्ताला अधिक मानावे, त्यांची यादी २६व्या वचनात आहे. मंडळीचे धर्मगुरू, पाळकसाहेब, तीत 'बायको' या शब्दापाशी थांबले आणि त्यांनी कवी नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची कथा पत्नीच्या बाजूने उलगडली. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्माची दीक्षा) घेतला तो स्वतःच्या निर्णयाने. परंतु कडक सोवळ्यात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना, लहानग्या मुलासह, दत्तूसह, न मागितलेला वियोग आणि लोकनिंदा सोसावी लागली. पुढे जातिभेद त्यांच्या मनातून गळून पडला आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. शिष्याच्या निर्णयाची किंमत आधी घरातल्यांनाच भरावी लागते, हे एरवीच्या उपदेशांत सहसा ऐकू येत नाही, आणि माझ्या मते या वर्गाची खरी कमाई तीच आहे.

ख्रिस्ती झालेल्या समाजसुधारक पंडिता रमाबाईंना जेमतेम वीस मिनिटे मिळाली. विधवा व मुलींसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनातील मुली त्यांच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ साली पुण्यात गदारोळ झाला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. तरी उरलेल्या मुलींसह सदन चालूच राहिले. संकटातील निष्ठा अशी रोजच्या कामात दिसते, आणि म्हणूनच त्यावर पूर्ण सत्र हवे होते.

शेवटच्या शनिवारी घरच्यांनी संबंध तोडल्याचे सांगणाऱ्या एका ताईंना 'प्रार्थना करा' एवढेच उत्तर मिळाले, ते मला खटकले. तिसऱ्या सत्रात जी काळजी दिसली, ती इथे का आटली, हे कळले नाही.

सभागृहातील ध्वनिक्षेपक मागच्या रांगांना निरुपयोगी आहे, त्यामुळे पुढे बसावे. छापील टिपणांत तिसऱ्या सत्राला दोनच पाने दिली असल्याने वहीही सोबत न्यावी.