अँपचे केव्हीए काढायला ॲप बरं की डोक्यातला गुणक?

वायरभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर दिसतात अँप, म्हणजे करंट, आणि डीजी (डिझेल जनरेटर), यूपीएस, ट्रान्सफॉर्मर सगळ्यांच्या नेमप्लेटवर असतात केव्हीए, म्हणजे ते किती लोड पेलतात त्याचं माप, त्यामुळे ज्याला हे रूपांतर रोज लागतं त्याच्यापुढे दोनच रस्ते, एक तर मोबाईलमधल्या ॲपमध्ये आकडे टाकायचे, नाहीतर एक गुणक लक्षात ठेवून साध्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार मारायचा. छापील चार्ट हा तिसरा प्रकार आहे पण त्याबद्दल फार बोलत नाही, चार्ट एकाच व्होल्टेजचा असतो आणि ते व्होल्टेज नेमकं झेरॉक्समध्ये उडालेलं असतं. बाकी दोन्ही मी भरपूर वापरलंय.

फॉर्म्युला माहीत आहे असं धरतो. सिंगल फेजला व्होल्ट गुणिले अँप भागिले हजार, थ्री फेजला त्यात १.७३२ आला आणि व्होल्टेज लाइन-टू-लाइन, म्हणजे दोन फेजमधलं, घ्यायचं, बस.

ॲपच्या बाजूने बोलायचं तर सोय आहेच. व्होल्टेज कुठलंही असो, आकडा टाकला की उत्तर, उलटही होतं, स्क्रीनशॉट काढून रिपोर्टला जोडता येतो, आणि समोरचा माणूस मोबाईलवरचं उत्तर जास्त मानतो हेही खरंय, तोंडी सांगितलेल्या आकड्याकडे तो जरा संशयानेच बघतो. नेटवर्क नसलं तरी बरीचशी ॲप चालतात, त्यामुळे तळघरातल्या पॅनल रूममध्ये अडत नाही. काही ॲप एकाच स्क्रीनवर पॉवर फॅक्टरपण विचारतात आणि नवा पोरगा तिथेच अडखळतो, कारण अँपवरून केव्हीए काढायला पॉवर फॅक्टर लागतच नाही, तो किलोवॅटला, म्हणजे केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा भाग काढायला, लागतो. पण तेवढं सांगितलं की कळतं, त्यासाठी ॲपला नावं ठेवणार नाही.

माझं मन उडालं ते दुसऱ्याच गोष्टीमुळे. व्होल्टेजच्या रकान्याशेजारी एक छोटी निवड असते, लाइन-टू-लाइन की लाइन-टू-न्यूट्रल (एक फेज आणि न्यूट्रल यांच्यामधलं). मी जे ॲप वापरायचो त्यात सिंगल फेजचं काहीतरी बघून परत थ्री फेजवर आलं की ही निवड आपोआप लाइन-टू-न्यूट्रलवर जाऊन बसायची, काही न सांगता न विचारता, आणि आधी टाकलेले ४१५ मात्र रकान्यात तसेच. आता याचा परिणाम बघा. ४१५ व्होल्ट, थ्री फेज, १०० अँप, बरोबर उत्तर ७१.९ केव्हीए. निवड लाइन-टू-न्यूट्रलवर गेली असेल तर तेच १२४.५ येतं. आणि फेजच सिंगलवर राहिला असेल तर ४१.५. तिन्ही आकडे परत वाचा, एकही वेडावाकडा वाटत नाही. उत्तर सात हजार आलं असतं तर कुणीही म्हणालं असतं अरे काहीतरी घोळ आहे, पण १.७३२ पटीची चूक ही अशी बेमालूम असते की डोळ्याला खटकतच नाही. समजा १२५ केव्हीएचा डीजी आहे आणि स्क्रीनवर आलं १२४.५, तर बघणारा म्हणणार की सेट फुल लोडला चाललाय, आता यावर काही टाकू नका, एखादा तर मोठ्या सेटची मागणीही लिहून मोकळा होईल, आणि प्रत्यक्षात त्या सेटचा ४१५ व्होल्टला फुल लोड करंट असतो १७४ अँपच्या आसपास, म्हणजे तो साठ टक्क्यांच्याही खाली आरामात चाललाय.

मग काय, प्रत्येक वेळी ती निवड तपासायची सवय लागली, आणि उत्तर पटतंय का हे बघायला मनातल्या मनात अँपला ०.७ ने गुणायची सवय लागली. असं काही दिवस चाललं आणि मग वाटलं की अरे उत्तर तर ॲप उघडायच्या आधीच मिळतंय.

तर गुणक हे. थ्री फेजला अँप गुणिले ०.७ म्हणजे केव्हीए, आणि केव्हीए गुणिले १.४ म्हणजे अँप. नेमकेपणा हवा असेल तर ४०० व्होल्टला ०.६९३ आणि ४१५ ला ०.७१९. सिंगल फेज २३० व्होल्टला ०.२३. आणि माझा सगळ्यात आवडता, ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी ४३३ व्होल्टची असेल तर गुणक जवळजवळ तंतोतंत पाऊण येतो, म्हणजे १००० केव्हीएला १३३३ अँप, हे तर तोंडीच होतं. मी हे चार आकडे पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलेत, ज्या पॅनलला जे व्होल्टेज तोच गुणक, त्यामुळे निवड चुकायचा प्रश्नच येत नाही.

यावर लोक म्हणतात की ०.७ काय, अंदाजपंचे झालं. थोडं आहे. ४०० व्होल्टला तो एक टक्का जास्त दाखवतो, ४१५ ला अडीच टक्क्यांच्या आसपास कमी. पण ॲप तीन दशांशापर्यंत उत्तर देतं ते कशावर, तर तुम्ही रकान्यात टाकलेल्या ४१५ वर, आणि लोड चढल्यावर टर्मिनलवर मीटर लावून बघा, ३९० दिसले तर सहा टक्के फरक तिथेच पडला. आणि क्लॅम्प ट्रू आरएमएस (वेडीवाकडी वेव्हही नीट मोजणारा) नसेल आणि समोर यूपीएस, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), एलईडी असला लोड असेल तर करंटचं रीडिंगच चांगलं खाली येऊ शकतं, मग पुढचे दशांश कुणासाठी. माझ्या मते तरी साइटवर ०.७ पुरतो, बिलिंगचं किंवा टेस्ट रिपोर्टचं काम असेल तर गोष्ट वेगळी.

अजून एक ठिकाण आहे जिथे मला गुणक उजवा वाटतो, ते म्हणजे अनबॅलन्स लोड. तीन फेजला ४०, ५५, ६२ अँप दिसले तर ॲपमध्ये टाकायचं काय? रकाना एकच असतो. पहिल्या फेजचे ४० टाकले तर साधारण २७.६ केव्हीए, ६२ टाकले तर ४२.८. हातानं करताना बेरीज १५७, गुणिले ०.२३ (प्रत्येक फेज न्यूट्रलशी २३० व्होल्टचा, म्हणून सिंगल फेजचाच गुणक), झाले ३६.१ केव्हीए, हा एकूण लोड. पण सेट पुरेल का हे बघायचं असेल तर ४२.८ वालाच आकडा धरा, कारण वाइंडिंग सगळ्यात भरलेल्या फेजवर गरम होतं. (अनबॅलन्समध्ये ॲपरंट पॉवर नेमकी कशाला म्हणायची यावर वेगवेगळ्या व्याख्या आहेत, आयईईई १४५९ या मानकाची पद्धत वेगळी आहे, पण पॅनलसमोर उभं राहून कोणी त्यात पडत नाही.)

गुणकाची एक गोची सांगायला हवी. १.४ हा आकडा मोटरवाल्यांच्याही तोंडी असतो, ४१५ व्होल्टच्या मोटरला एचपीमागे एक पॉइंट चार ते दीड अँप असं ते धरतात. तो आकडा वेगळा, त्यात मोटरची एफिशियन्सी आणि पॉवर फॅक्टर आधीच घुसलेला असतो, योगायोगाने जवळ आलाय इतकंच. फोनवर कोणी नुसतं 'पन्नासला एक पॉइंट चार' असं पुटपुटला तर एचपी की केव्हीए हे विचारून घ्या.

आता ॲप कोणी ठेवावं, तर ज्याच्या कामात एकाच दिवशी ६९० व्होल्ट, ३.३ केव्ही, ११ केव्ही असं सगळं येतं त्याने खुशाल ठेवावं, इतके गुणक पाठ करत बसण्यात अर्थ नाही. तरी एचटीवाल्यांना (हाय टेन्शन, म्हणजे मोठ्या व्होल्टेजवर काम करणाऱ्यांना) ११ केव्हीला एक एमव्हीए (हजार केव्हीए) म्हणजे ५२.५ अँप आणि ३३ केव्हीला १७.५ हे एवढं माहीत असतंच, आणि असावं. ॲप निवडताना सिंगल आणि थ्री फेजची पानं वेगवेगळी असलेलं बघा, आणि उत्तराखाली वापरलेला फॉर्म्युला आकड्यांसकट दिसत असेल तर उत्तम. टाकल्या टाकल्या आधी सिंगल फेजचं एक गणित करा, मग थ्री फेजवर येऊन ४१५ आणि १०० द्या. ७१.९ आलं तर राहू दे, नाहीतर काढून टाका.