जुने गेम, नवा पीसी: डॉसबॉक्स की ८६बॉक्स?

६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे इम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्रॅम, हवाच. डॉसबॉक्स आणि ८६बॉक्स दोन्ही फुकट आहेत.

डॉसबॉक्सला पाच मिनिटं पुरतात. गेमचं फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा (म्हणजे जोडा) आणि एक्झी फाइल चालवा. गेम सुसाट पळाला तर कंट्रोल-एफ११ दाबून सायकल्स (इम्युलेटरचा वेग) कमी करा, रखडला तर कंट्रोल-एफ१२ ने वाढवा. आवाज नसेल तर गेमच्या सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ निवडा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

८६बॉक्समध्ये अख्खं मशीन उभारावं लागतं: रॉम (जुन्या मशीनच्या बायोस वगैरेच्या फाइल) वेगळे उतरवा, विंडोज ९८ टाका, ड्रायव्हर घाला. पेंटियम २ निवडलंत तर चांगला प्रोसेसरही धापा टाकतो. मात्र व्हूडू या जुन्या थ्रीडी ग्राफिक्स कार्डाची नक्कल त्यात आहे.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’सारख्या डॉस गेमना डॉसबॉक्सच घ्या. विंडोज ९५-९८ चे, ग्लाइड (व्हूडू कार्डाची ग्राफिक्स प्रणाली) मागणारे गेम असतील तरच ८६बॉक्सची खटपट करा.