फॅमिलीसर्च : अ‍ॅपलेशियातल्या शेतकरी घराण्याचा माग काढताना

फॅमिलीसर्च ही वंशावळ शोधायची ऑनलाइन सेवा पूर्ण मोफत, फक्त खातं उघडावं लागतं. पण शोध नावापासून नव्हे, काउंटीपासून, म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्यापासून, सुरू करा. उदाहरणार्थ, अ‍ॅपलेशिया म्हणजे पूर्व अमेरिकेचा डोंगराळ पट्टा; त्यात नॉर्थ कॅरोलायनातली वाटॉगा काउंटी स्थापन झाली 1849 मध्ये. त्याआधीचे जमिनीचे दस्त बहुधा ॲश काउंटीत, आणि 1799 च्या आधीचे विल्क्समध्ये. घराणं जागचं हललेलं नसतं, सीमा हललेली असते. इथेच बहुतेकांचा धागा तुटतो.

1850 च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव मिळतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीचे वयोगटाचे आकडे. कुटुंबप्रमुखाशी नातं 1880 पासून लिहिलंय. 1890 ची बहुतेक पानं नष्ट झाली, ती पोकळी करयाद्यांनी भरा. 1850 ते 1880 ची शेती-अनुसूची (जनगणनेतली शेतांची वेगळी यादी) जरूर पाहा : लागवडीचे एकर, गुरं, मक्याचे बुशेल (धान्याचं माप). मात्र 1850 मध्ये वर्षाला 100 डॉलरपेक्षा कमी उत्पन्नाची शेतं त्यात नाहीत.

पूर्ण-मजकूर शोध तर अप्रतिम! हस्तलिखित दस्तांतले साक्षीदार, शेजारीसुद्धा सापडतात. सामाईक वंशवृक्षावर मात्र विसंबू नका. तो कुणीही बदलू शकतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन चुलतभाऊ सहज एक होतात. काही प्रतिमा केवळ फॅमिलीसर्चच्या केंद्रांत किंवा संलग्न ग्रंथालयांतच उघडतात.