टीव्हीच्या कॉम्प्युटरला रिमोट कोणता: इन्फ्रारेड की एअर माऊस?

वेंगुर्ल्याचा मावसभाऊ टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरवर कोडी (सिनेमे-गाणी लावायचं सॉफ्टवेअर) चालवतो. यूएसबी इन्फ्रारेड रिसीव्हर लावून घरातला जुना डीटीएच रिमोट वापरावा की सरळ एअर माऊस (हातात धरून हलवला की स्क्रीनवरचा बाण हलवणारा रिमोट) घ्यावा, यावर त्याचं घोडं अडलंय. (टीव्हीचाच रिमोट एचडीएमआय-सीईसीवर, म्हणजे एचडीएमआय वायरीतूनच, चालला असता, पण ती सोय रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला असते, साध्या पीसीला बहुधा नसते.)

खर्चात एअर माऊस सरस. जोडणीतही, डाँगल (यूएसबीत लावायचा त्याचा छोटा रिसीव्हर) खोचलं की झालं. फ्लर्कसारख्या इन्फ्रारेड रिसीव्हरला मात्र एकेक बटण शिकवावं लागतं. स्क्रीनवर 'वर' दिसलं की रिमोटचं 'वर' दाबायचं, असं सगळ्यांचं. कंटाळवाणं, पण एकदाच. शिकवलेलं रिसीव्हरमध्येच राहतं, कॉम्प्युटर बदलला तरी.

इन्फ्रारेडला रिमोट आणि रिसीव्हर समोरासमोर लागतात. एअर माऊस 2.4 गिगाहर्ट्झ रेडिओवर चालतो, कॉम्प्युटर लाकडी कपाटात असला तरी हरकत नाही. फक्त डाँगल निळ्या यूएसबी 3.0 पोर्टात लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट नेमका त्याच पट्ट्यात येतो आणि कर्सर अडखळतो. हातभर एक्स्टेंशन वायरने फरक पडतो.

आपल्या खाऱ्या हवेत सेलच्या स्प्रिंगा दोन्हीकडे गंजणारच. पण डीटीएच रिमोट गेला तर तसाच दुसरा बाजारात मिळतो. एअर माऊसचं डाँगल हरवलं की बहुतेक वेळा अख्खा सेट नवा.

आई-आबा बघणार असतील तर इन्फ्रारेडच. ओळखीची बटणं, हलणारा बाण नाही. यूट्यूबवर सतत शोधाशोध करणाऱ्याने मागे कीबोर्ड असलेला एअर माऊस घ्यावा.