सर्व्हर-डोमेनच्या नावाखाली ८६,५०० रुपये लुबाडले, लातूर-उदगीरकडच्या व्यापाऱ्यांनो, सावध राहा

लातूरला आमची डाळ मिल आहे. ऑफिसात सहा कॉम्प्युटर, प्रत्येकावर वेगळं लोकल अकाउंट, म्हणजे फक्त त्याच मशीनवर चालणारं. मुनीमजी रजेवर गेले की त्यांचं मशीन कुणाला उघडत नाही. म्हणून एक सर्व्हर घेऊन सगळी लॉगिन डोमेनवर न्यायचं ठरवलं, म्हणजे सगळी अकाउंट सर्व्हरवर एका ठिकाणी. त्यात काही वावगं नव्हतं.

माणूस ओळखीतूनच आला. जुना सर्व्हर ३८,०००, विंडोज सर्व्हरचं ‘ओरिजिनल’ लायसन्स २७,५००, अकाउंट बदलायचे मशीनमागे १,५०० प्रमाणे ९,०००. सगळे आगाऊ.

डोमेनवर लॉगिन केलं तर सगळ्यांचे डेस्कटॉप रिकामे! ऐन तुरीच्या आवकेत हिशोबाच्या एक्सेल फायली गायब. म्हणाला, “मालक, डेटा उडाला, रिकव्हरीचे १२,००० लागतील.” गेटवर गाड्या उभ्या असताना माणूस काय करणार? दिले. आता कळतंय की काहीच उडालं नव्हतं. डोमेनचं अकाउंट विंडोजच्या लेखी नवा माणूस असतो, त्याला नवं कोरं फोल्डर मिळतं. जुन्या फायली सी ड्राइव्हमध्ये यूजर्सच्या आत जुन्या नावाखाली जशाच्या तशा असतात. ते जुनं फोल्डर, म्हणजे प्रोफाइल, नव्या अकाउंटला जोडून द्यायचं, हेच तर १,५०० चं काम होतं! आमच्याच फायली त्याने आम्हालाच विकल्या.

आणि एक गोष्ट अजून झोपू देत नाही. सर्व्हरच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात इव्हॅल्युएशन आणि १८० दिवस असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी बोट ठेवून विचारलं. “ती वॉरंटी आहे, मालक.” तिथंच त्याला धरायला हवं होतं. पण डॉक्टरने औषध दिल्यावर आपण बाटलीवरचं इंग्रजी तपासतो का? ती फुकटची चाचणी आवृत्ती होती. मुदत संपली आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद पडू लागला. टॅलीचा डेटा त्याच्यावरच, एंट्री अर्धवट. नवी लायसन्स-की घेऊनही भागत नाही, सर्व्हर डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारं मशीन) असेपर्यंत ती आवृत्ती पक्की करता येत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. ते म्हणाले, “हा दिवाणी मामला आहे, वकील करा.” अहो, चाचणी आवृत्ती ओरिजिनल म्हणून विकणं ही फसवणूक नाही? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावला, तर पैसे ऑनलाइन गेले का, एवढंच विचारलं. रोख दिले म्हणजे चोरी माफ? ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणतात, धंद्यासाठी घेतलं की तुम्ही ग्राहकच नाही. म्हणजे दुकानदाराला लुटलं तर त्याने जायचं कुठं? अर्ज घ्यायलाही कुणी तयार नाही, पोच तर दूरच.

पैसे देण्याआधी सर्व्हरवर विनव्हर (winver) टाइप करा, इव्हॅल्युएशन दिसलं की माणसाला उठवा. जीएसटी बिलाशिवाय लायसन्स घेऊ नका. विंडोज होम डोमेनला जोडलंच जात नाही, प्रो लागतं. “करून देतो” म्हणणाऱ्यावर विश्वास नको. अकाउंट बदलण्याआधी सगळा बॅकअप स्वतःच्या हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क घरी. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड पहिल्या दिवशीच आपल्या ताब्यात घ्या, आमचा अजून त्याच्याकडेच आहे.

तो आता उदगीरकडे कामं घेतोय असं कळलं. तिकडं कुणाचं असंच झालं असेल तर पावत्या, मेसेज जपून ठेवा आणि मला कळवा. एकट्याचं ऐकत नाहीत, पाच-सहा जण मिळून थेट पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार देऊ.