आंतिग्वा ग्वातेमाला: भाषावर्ग, स्वयंसेवा आणि शहर

मध्य अमेरिकेतील ग्वातेमाला देशाच्या आंतिग्वा या जुन्या स्पॅनिश शहरात अनेक भाषाशाळा परदेशी पाहुण्यांना एक एकत्रित कार्यक्रम देतात. सकाळी स्पॅनिशचा वर्ग, दुपारी एखाद्या संस्थेत स्वयंसेवा, जेवण आणि मुक्काम स्थानिक कुटुंबात, आणि उरलेला वेळ शहरासाठी, असे त्याचे स्वरूप असते. फोंड्याहून आम्ही पती-पत्नी असाच कार्यक्रम घेऊन तेथे राहून आलो. भाषावर्ग आणि कुटुंबातील मुक्काम यांसाठी दिलेला पैसा पूर्णपणे सार्थकी लागतो. स्वयंसेवेचा भाग मात्र शाळा जसा पुढे करते तसा डोळे झाकून स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

वर्ग एका शिक्षिकेसमोर एकच विद्यार्थी अशा पद्धतीने चालतो. चौकाच्या कडेला ओसरीवर लहान टेबले मांडलेली असतात आणि सलग काही तास केवळ स्पॅनिशमध्येच बोलावे लागते. गोव्यात ज्यांच्या कानांवर पोर्तुगीज पडलेली आहे त्यांना वाचलेले लवकर समजते, परंतु बोलताना पोर्तुगीज शब्द मध्येच डोकावतात. आमच्या शिक्षिका ते न रागावता, प्रत्येक वेळी थांबवून दुरुस्त करीत. घरच्या मालकीणबाई संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तोच धडा पुढे नेत. काळा घेवडा, गरम तोर्तिया (मक्याच्या पातळ भाकऱ्या) आणि कधी भोपळ्याच्या बिया व तीळ भाजून वाटलेले पेपियान असे साधे जेवण असे, आणि तेथे झालेले बोलणे वर्गाइतकेच उपयोगी पडले.

आता स्वयंसेवेविषयी. आम्हांला शाळेने पहिल्याच दिवशी मुलांच्या निवासगृहात जाण्याचा पर्याय दिला आणि आमचे शिक्षण, अनुभव किंवा पूर्वचारित्र्य यांविषयी एकही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट मला गंभीर वाटली. आई-वडिलांपासून दुरावलेल्या मुलांना दर पंधरवड्याला नवा चेहरा, नवा लळा आणि पुन्हा निरोप सोसावा लागतो. त्यांची भाषा न येणारा पाहुणा त्यांना देऊ शकतो ते फारच थोडे. शिवाय भोवतालच्या गावांत अनेकांची मातृभाषा काक्चिकेल ही माया भाषा आहे, म्हणजे आपण कष्टाने शिकलेली स्पॅनिशसुद्धा कित्येक घरांत दुसरीच भाषा असते. आम्ही तो पर्याय नाकारला आणि एका गावातील दुपारच्या अभ्यासवर्गात गणित शिकवण्यास मदत केली, कारण आयुष्यभर मी तेच केले आहे. तेथेही स्थानिक शिक्षक हजर होते, वर्ग त्यांचाच होता, आणि आम्ही निघून आल्यावर तो बंद पडणार नव्हता. स्वयंसेवेची जागा निवडताना हीच कसोटी लावावी. वैद्यकीय क्षेत्रातील व्यक्तींनी सांतो एर्मानो पेद्रो यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या रुग्णालयाकडे थेट चौकशी करावी. सतराव्या शतकात याच शहरात गरिबांची शुश्रूषा करणाऱ्या पेद्रो यांना २००२ मध्ये संतपद मिळाले, आणि सान फ्रान्सिस्को चर्चमधील त्यांच्या समाधीपाशी आजही नवस फेडणाऱ्यांची ये-जा असते.

शहर पाहताना गोव्याच्या माणसाला जुने गोवे आठवल्याशिवाय राहत नाही. स्पॅनिश मध्य अमेरिकेची ही राजधानी २९ जुलै १७७३ च्या भूकंपात कोसळली, १७७६ मध्ये राजधानी हलवण्यात आली आणि इमारतींचे सामानही नव्या शहराकडे नेले गेले; आपल्याकडे साथींनी ओस पडलेल्या जुन्या गोव्याचे दगड असेच पणजीला गेले. तरी आंतिग्वातून लोक पूर्णपणे उठून गेले नाहीत. जुन्या गोव्यात संध्याकाळी पर्यटक परतले की चर्चेस तेवढी उरतात, तर आंतिग्वात पडक्या मठाच्या भिंतीला लागूनच शाळा, बेकरी आणि नांदती घरे आहेत. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा उंच मनोरा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी आंतिग्वातील ला मेर्सेद चर्चची पिवळी, बुटकी, जाड भिंतींची वास्तू अवश्य पाहावी. भूकंपाच्या धास्तीने बांधणारे हात किती सावध झाले होते ते तिच्या ठेंगण्या मनोऱ्यांवरून कळते. कापुचिनास मठातील गोलाकार चौकाभोवती मांडलेल्या १८ खोल्या मला सर्वांत विलक्षण वाटल्या. सांता कातालिनाची कमान सर्वजण पाहतातच, त्यामुळे तिच्याविषयी वेगळे लिहीत नाही.

ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात गेल्यास रस्त्यांवर रंगवलेल्या लाकडाच्या भुशाचे, फुलांचे आणि पाइनच्या पानांचे गालिचे घातलेले दिसतात. कुटुंबे रात्रभर जागून ते पूर्ण करतात आणि जांभळ्या झग्यांतील खांदेकरी मिरवणूक घेऊन त्यांवरूनच जातात. पालखीच्या वाटेवर रांगोळी घालणाऱ्या आपल्या लोकांना त्यात परके काही वाटणार नाही. यजमान कुटुंबाने आम्हांला भुसा चाळण्याच्या कामाला बसवले, आणि सर्व मुक्कामात मनापासून उपयोगी पडल्याचे समाधान मला त्या रात्री मिळाले. या काळात खोल्या मिळणे अतिशय कठीण असते, म्हणून कित्येक महिने आधी ठरवावे.

शहराजवळच्या आकातेनांगो ज्वालामुखीचा ट्रेक ३,९७६ मीटर उंचीच्या शिखरापर्यंतचा आहे. तेथून शेजारच्या फुएगो ज्वालामुखीचे उद्रेक दिसतात, परंतु समुद्रसपाटीवरून जाणाऱ्यांनी आधी काही दिवस शहरातच राहून शरीराला उंचीची सवय करावी, आणि २०१८ मध्ये याच फुएगोने पायथ्याची वस्ती गाडली होती हे लक्षात ठेवून स्थानिक इशारे काटेकोरपणे पाळावेत. पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो, म्हणून नोव्हेंबरनंतर जाणे बरे.

शाळेशी पत्रव्यवहार करताना वर्ग, निवास आणि स्वयंसेवा यांची फी वेगवेगळी लिहून मागावी, आणि स्वयंसेवेच्या नावाने घेतलेल्या रकमेपैकी किती भाग प्रत्यक्ष त्या संस्थेला पोहोचतो हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. याचे सरळ उत्तर न मिळाल्यास केवळ वर्ग आणि निवास घ्यावा, आणि मदतीची जागा तेथे पोहोचल्यावर, थोडी भाषा आल्यानंतर, स्वतः शोधावी.