श्रेडओएस : सहा महिने हार्ड डिस्क आणि एसएसडी दोन्हींवर वापरल्यानंतर

संगणक विकण्याआधी डेटा कायमचा पुसायला गेले सहा महिने श्रेडओएसच वापरात आहे. फिरत्या हार्ड डिस्कसाठी हे मोफत साधन बिनधास्त घ्यावं. एसएसडीवर मात्र त्यातला मुख्य प्रोग्रॅम, एनवाइप, चालवू नये.

श्रेडओएसची इमेज (तयार फाइल) पेनड्राइव्हवर लिहायची, बायोसमध्ये सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करून तिथून मशीन सुरू करायचं. सगळं रॅममध्ये चढतं, म्हणून डिस्कांची यादी दिसली की पेनड्राइव्ह काढून घ्या. नाहीतर पुसायच्या डिस्कांमध्ये तोही दिसतो. डिस्क ओळखताना नुसत्या क्षमतेवर जाऊ नका, मॉडेल आणि सिरीयल नंबर लेबलशी ताडून पाहा. स्पेसबारने निवड होते, सुरुवात मोठ्या एसने. लहान एस दाबून पुसणं सुरू होत नाही, आणि ते योग्यच आहे.

१ टीबीच्या डिस्कला सरासरी १२० एमबी प्रतिसेकंद वेग मिळाला तर एका फेरीला (सगळ्या डिस्कवर एकदा लिहायला) सुमारे सव्वादोन तास लागतात, पडताळणीला तेवढेच आणखी. आतल्या ट्रॅकवर वेग निम्म्यावर येतो, तेव्हा घाबरू नका. एक फेरी आणि पडताळणी पुरेशी आहे. ३५ फेऱ्यांची गुटमन पद्धत १९९६ची, त्या काळच्या डिस्कांसाठी. आज तिच्यात तीन दिवसांहून जास्त वेळ वाया जातो. खरी अडचण वेगळीच आहे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या सेक्टरांपर्यंत एनवाइप पोहोचत नाही. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) अशा सेक्टरांचा आकडा शून्य नसेल तर डिस्क काढून ठेवा आणि संगणक तिच्याशिवाय विका.

एसएसडीत वेअर लेव्हलिंगमुळे (झीज सगळीकडे सारखी वाटण्याच्या पद्धतीमुळे) नवं लिखाण जुन्या जागी पडतच नाही, शिवाय राखीव जागा बाहेरून दिसत नाही. तिथे कंट्रोलरलाच (एसएसडीच्या आतल्या नियंत्रक चिपला) आज्ञा द्यावी लागते. ऑल्ट-एफ२ दाबून टर्मिनल उघडा. साटा एसएसडीसाठी (साटा पोर्टला जोडलेल्या) एचडीपार्म या टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमने आधी तात्पुरता पासवर्ड लावा, मग सिक्युरिटी इरेजची आज्ञा द्या. बऱ्याचदा डिस्क 'फ्रोझन' दाखवते, कारण बायोस सुरुवातीलाच ही सोय गोठवतं. मशीन स्लीपमध्ये टाकून उठवलं की बहुधा सुटते. पासवर्ड अगदी साधा ठेवा आणि लिहून ठेवा. मध्येच वीज गेली तर डिस्क कुलूपबंद राहते, ती त्याच पासवर्डने उघडून पुन्हा पुसता येते. हे काम यूएसबी अडॅप्टरवरून करू नका. आज्ञा नीट पोहोचेलच असं नाही. डिस्क थेट साटा पोर्टला लावा.

एनव्हीएमई (साटाऐवजी पीसीआयई मार्गाने जोडलेली एसएसडी) असेल तर तिला फॉरमॅट आज्ञेत इरेजचा पर्याय १ द्या. डिस्क एन्क्रिप्शनची किल्ली पुसण्याची सोय देत असेल तर २. पर्याय न देता केलेल्या फॉरमॅटवर विसंबू नका. डिस्क यादीतच नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी किंवा रेड मोड (डिस्क प्रणालीपासून लपवू शकणाऱ्या सोयी) बंद करा.

हे सगळं करण्याआधी त्या मशीनवरूनच सॉफ्टवेअरचे परवाने मोकळे करून घ्या, नंतर ते करायला विंडोज उरत नाही. शेवटी हेक्समध्ये (कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरुवातीचे, मधले आणि शेवटचे सेक्टर उघडून बघा. एनवाइपमध्ये शेवटची फेरी शून्यांची ठेवली असेल तर एकही वेगळा बाइट दिसता कामा नये.